सासूबाईंना बायबल स्वतः वाचायचंय, वय ६४. सुरुवात कुठून करू?

मधुमालती (धागाकर्ती)

जय ख्रिस्त मंडळी,

माझ्या सासूबाई नेवासे तालुक्यातल्या. मामंजी गेल्यापासून आमच्याकडे पुण्यात असतात. त्यांना वाचता येत नाही. लहानपणी आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की घराला कुलूप, आणि परत यायचं ते ऊन तापल्यावर. शाळेच्या पटावर नाव होतं, शाळा मात्र घडली नाही.

हे मला लग्नानंतर कित्येक वर्षांनी कळलं. 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकातली निम्मी गीतं त्यांना तोंडपाठ आहेत. मंदिरात (चर्चमध्ये) पुस्तक उघडून हातात धरतात आणि खणखणीत गातात, त्यामुळे शंकाच आली नाही. गेल्या महिन्यात आमच्या घरी प्रार्थनासभा होती. एकेकाने एकेक वचन वाचायचं असं ठरलं. आईंची पाळी आली तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "चष्मा विसरले बाई." आईंना चष्मा नाही. कधीच नव्हता.

रात्री भांडी आवरताना त्यांनी आपणहून विषय काढला. "समदं आयुष्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. एकदा माझ्या डोळ्यांनी बघायचंय, काय लिवलंय त्यात."

मी दुसऱ्याच दिवशी पहिलीचं पुस्तक आणलं. दोन दिवस बसल्या, मग बाजूला ठेवलं. कमळ, बदक, घर वाचण्यात त्यांना रस नाही. नवरा म्हणतो, फोनवर बायबल ऐकता येतं, या वयात त्रास कशाला? मला ते पटत नाही, पण का पटत नाही हेही नीट सांगता येत नाही. कोणी घरी मोठ्या माणसाला शिकवलं आहे का?

---

जुनी पाटी

मधुमालती, बरं झालं विचारलंस. मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. निवृत्तीनंतर आमच्या मंदिराच्या हॉलमध्ये दर गुरुवारी बायकांचा वर्ग घेते. अनुभवाचं सांगते.

आधी डोळे तपास. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं. जो वाचतो त्याला ते लगेच कळतं. जो वाचत नाही त्याला फक्त सुईत दोरा जात नाही एवढंच जाणवतं. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त बायका "आमच्या डोक्यात शिरत नाही" म्हणत आल्या होत्या. त्यांना अक्षर दिसतच नव्हतं. जवळच्या नंबरचा साधा चष्मा लावला आणि वर्ग बदलला. चष्मा विसरल्याचं आईंनी सांगितलं ना, तर आता खरंच करून दे.

मग पहिलीचं पुस्तक कपाटात ठेव. ते सहा वर्षांच्या मुलासाठी आहे. त्याला भाषाही शिकायची असते आणि अक्षरंही. आईंना भाषा येते, उत्तम येते. त्यांना फक्त तोंडात असलेलं डोळ्याला ओळखायला शिकायचंय. तेव्हा जे तोंडात आहे तिथूनच निघ. स्तोत्र २३ त्यांना पाठ असणारच. जाड पुठ्ठ्यावर काळ्या मार्करने मोठ्या अक्षरात लिही:

परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही.

एकेका शब्दावर त्यांचं बोट ठेवून म्हणायला लाव. पहिले दोन दिवस त्या पाठ असलेलंच म्हणतील आणि बोट भलतीकडे असेल. त्यावर रागवू नकोस. तिसऱ्या दिवशी पुठ्ठ्याचे शब्द कात्रीने सुटे कर, पत्त्यांसारखे पिस आणि ओळ परत लावायला सांग. इथे पाठांतर मदतीला येत नाही, डोळ्यालाच काम करावं लागतं. आमच्या वर्गात या क्षणी हॉल एकदम शांत होतो.

मग 'मला', 'माझा', 'काही', 'नाही' या चार शब्दांतली अक्षरं सुटी काढ. म, ल, झ, क, ह, न आणि काना, वेलांटी. एवढ्यात माल, काल, कान, मान, नाक, लाही असे कितीतरी शब्द होतात. बाराखडी आपसूक येते, घोकावी लागत नाही.

एक अडचण आधीच सांगून ठेवते. आपले सगळ्यात जिव्हाळ्याचे शब्द वाचायला सगळ्यात अवघड आहेत. ख्रिस्त, प्रभू, स्तोत्र, पवित्र, सगळी जोडाक्षरं. 'प्रार्थना' शब्दात तर र दोन वेगळ्या रूपांत येतो, एकदा प च्या पायाशी आणि एकदा थ च्या डोक्यावर. हे फोडून सांगायला जाऊ नकोस, निदान दोन महिने. 'प्रभू' हा शब्द चित्रासारखा अख्खा ओळखू दे. 'येशू' मात्र सोपा आहे, तो पहिल्या आठवड्यात येतो. तो आला की त्यांच्याकडे बघ.

रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. आणि नातवंडांसमोर नको.

---

मधुमालती

ताई, नातवंडांसमोर नको हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. परवा माझी लेक शेजारी बसून उत्तरं सांगत होती. पुस्तक का बाजूला पडलं ते आता कळलं.

---

कर्णफूल

मी थोडा वेगळा विचार मांडतो, राग मानू नये.

प्रेषित पौलाने रोमकरांस पत्रात लिहिलंय की विश्वास ऐकण्याने होतो. पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत अशी पत्रं मोठ्याने वाचली जायची आणि बहुतेक लोक ऐकायचे. बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक, चौथा अध्याय पाहा. पेत्र आणि योहान हे येशूचे शिष्य 'निरक्षर व अज्ञानी इसम' असल्याचं पाहून न्यायसभेला आश्चर्य वाटलं. त्यांच्याकडे अक्षर नव्हतं, येशूचा सहवास होता. तुमच्या सासूबाईंचा विश्वास साठ वर्षं ऐकण्यावरच उभा राहिलाय आणि निम्मं उपासना संगीत पाठ असणाऱ्या बाईला आपण काहीतरी कमी आहे असं का वाटू द्यायचं?

माझ्या वडिलांची दृष्टी मधुमेहाने गेली. आयुष्यभर रोज पहाटे बायबल वाचणारा माणूस. आता फोनवर ऐकतात. त्यांच्या बायबलच्या वेळेत खंड पडला नाही, आणि मी त्या सोयीबद्दल रोज देवाचे आभार मानतो. ऐकणं हे वाचण्याचं धाकटं भावंड नाही, एवढंच म्हणायचं आहे.

---

वडाळ्याचा वारस

कर्णफूल, वडिलांबद्दल वाचून गलबललो. ऐकणं कमी दर्जाचं नाही हे पूर्ण मान्य. पण तुमच्या वडिलांनी आधी पन्नास वर्षं वाचलं आहे. ऐकताना कुठे थांबायचं, कोणता अध्याय परत लावायचा, हे त्यांना ठाऊक आहे. ज्याने कधी वाचलंच नाही त्याला दुसरा जे निवडून वाचेल तेवढंच मिळतं. फरक तिथे आहे.

आणि आपल्या नगर भागात हा फरक काही आजचा नाही, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आपले पणजोबा-खापरपणजोबा बहुतेक महार-मांग वस्त्यांतले. त्यांना ग्रंथाजवळ फिरकू दिलं जात नव्हतं. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली. त्यांच्या शिक्षिका सिंथिया फरार १८२७ च्या अखेरीस आल्या, १८३९ पासून नगरला राहिल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. चौतीस वर्षं मुलींना अक्षर शिकवणं हे एकच काम. जोतीराव फुल्यांनी त्यांच्या नगरच्या शाळा पाहिल्या आणि पुण्यात मुलींची शाळा काढायचं मनावर घेतलं. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फरारबाईंकडे घेतले असं सांगितलं जातं. फुले ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्याने या साखळीचं मोल कमी होत नाही.

१८४२ मध्ये नगरहून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झालं. त्याच्या १८५५ च्या अंकांत मुक्ता साळवे या मुलीचा निबंध छापला आहे. फुल्यांच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली, वय चौदा. तिचा प्रश्न मला झोपू देत नाही. वेद आमचे नाहीत असं ज्यांनी सांगितलं, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आम्हाला धर्मपुस्तकच उरलं नाही; मग देवा, आमचा धर्म कोणता ते तूच सांग. चौदा वर्षांच्या मुलीने हे लिहिलं, कारण तिला लिहिता येत होतं. तिच्या आईच्या, आजीच्या मनात हाच प्रश्न असेलच. पण तो कुठेच उरला नाही.

मधुमालती, तुमच्या सासूबाई 'काय लिवलंय त्यात' म्हणाल्या ना, मला ती मुक्ताच आठवली.

पंडिता रमाबाईंचं तर सर्वांना माहीत आहे, पण एक गोष्ट आपण पुरेशी बोलत नाही. संस्कृतची एवढी मोठी विदुषी. तिने हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं ते कोणासाठी? केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या, नुकत्याच वाचायला लागलेल्या मुलींना आणि बायकांना कळावं म्हणून. त्याच बायकांनी छपाईचे खिळे जुळवले, त्यांनीच छापलं. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, अख्खा छापील ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. जिला काल अक्षर येत नव्हतं तिने आज बायबलची पानं जुळवावीत, याहून मोठं साक्षरतेचं काम मला माहीत नाही.

आता खंत. गावागावात पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, हाच मास्तर असायचा. सकाळी शाळा, रविवारी उपासना. आज आमच्या मंडळीत नवीन ध्वनिवर्धक आहे, फरशी आहे, आणि मागच्या तीन बाकांवर बसणाऱ्या बायकांपैकी किती जणींना वाचता येतं हे कोणी विचारलेलं नाही. मीही नाही. हा धागा वाचेपर्यंत माझ्याही मनात आलं नव्हतं.

---

किनारा

वसईहून. आम्ही कॅथलिक, तेव्हा आमची वाट थोडी निराळी.

माझ्या आजीच्या तरुणपणी मिस्सा, म्हणजे आमची उपासना, लॅटिनमध्ये असायची. आजी वाचू शकत होती, मराठी सातवी पास, पण वेदीवरचं तिला काहीच कळायचं नाही. ती म्हणायची, आम्ही रोजरी (जपमाळ) घेऊन बसायचो आणि घंटा वाजली की गुडघे टेकायचो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते १९६५) उपासना मराठीत आली आणि साध्या माणसांना वाचनासाठी पुढे बोलावू लागले. आजी पहिल्यांदा वाचनाला उभी राहिली तेव्हा लुगड्याचा पदर मुठीत घट्ट धरला होता, असं आई सांगते. त्या आधी तिने ते वाचन आठवडाभर गाईगोठ्यात मोठ्याने म्हणून पाहिलं होतं.

म्हणजे अक्षर येऊनही दार बंद असू शकतं, भाषा आपली नसेल तर. मधुमालतीताई, सासूबाईंना वाचता यायला लागलं की फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' एकदा दाखवा. वाक्यं आजच्या मराठीतली आहेत. पाठ असलेली स्तोत्रं मात्र त्यांच्या ओळखीच्या भाषांतरातूनच शिकवा, नाहीतर तोंड एक म्हणेल आणि पान दुसरं.

---

जुनी पाटी

किनारा, शेवटचं वाक्य सोन्यासारखं. आमच्या वर्गात एकदा हाच घोटाळा झाला होता. बाईंना वाटलं आपलंच चुकतंय.

---

उत्तरेचा वारा

स्वीडनमध्ये राहतो, म्हणून इथली एक गोष्ट.

इथल्या १६८६ च्या चर्च कायद्यात प्रत्येकाने वाचायला शिकावं असं घातलं होतं, मोलकरीण आणि शेतमजुरासकट. शाळा जवळजवळ नव्हत्याच. शिकवायची जबाबदारी घरच्यांवर. पाळक वर्षातून एकदा वस्तीत यायचा, सगळ्यांना एका घरात जमवून वाचून दाखवायला सांगायचा आणि कोण कसं वाचतं याची नोंद वहीत करायचा. त्या वह्या अजून जपलेल्या आहेत, मी एका गावच्या पाहिल्या. नावापुढे खुणा. प्राथमिक शाळांचा कायदा आला १८४२ मध्ये, पण तोवर बहुतेक लोकांना वाचता येत होतं. लिहिता मात्र फार थोड्यांना यायचं, कारण चर्चने फक्त वाचनच विचारलं होतं.

यातली सक्ती मला आवडत नाही. वाचता आलं नाही तर प्रभुभोजनाचा विधी अडायचा, लग्न अडायचं. कोणाच्याही विश्वासावर अशी परीक्षा लादू नये. पण स्वयंपाकघरात, चुलीपाशी, आई मुलाला आणि मोठा भाऊ धाकट्याला शिकवतो, आणि शाळेशिवाय अख्खा देश वाचू लागतो, हे झालं होतं. मधुमालती जे करतेय ते त्याच जातीचं काम आहे.

---

आंबेमोहर

मी ख्रिस्ती नाही, धागा दिसला म्हणून आत आले. माझी आजी सत्तरीत वाचायला शिकली, हरिपाठासाठी. पाठ होता, तरी तिला तो पुस्तकात बघायचा होता. तिलाही सुटे शब्द करूनच शिकवलं होतं, आजोबांनी. वाचनखूण साठवली आहे. सरकारचा 'उल्लास' कार्यक्रमही आहे, पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी, २०२७ पर्यंत. जवळच्या शाळेत चौकशी करा, साहित्य मिळू शकतं.

---

कर्णफूल

वारस यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. दुसरा जे निवडून वाचेल तेवढंच मिळतं, हे मी लक्षात घेतलं नव्हतं. काल वडिलांना विचारलं, ऐकण्यात काय कमी पडतं? ते म्हणाले, "समासात मी लिहिलेलं दिसत नाही." त्यांच्या बायबलच्या समासात चाळीस वर्षांच्या नोंदी आहेत, तारखांसकट. माझ्या जन्माची तारीख स्तोत्र १२७ शेजारी आहे. आता रोज रात्री त्यातल्या नोंदी मी त्यांना वाचून दाखवतोय.

पेत्राबद्दलचं माझं म्हणणं मात्र कायम आहे.

---

वडाळ्याचा वारस

राहू द्या कायम, ते खरंच आहे. फक्त एवढं जोडतो की त्याच पुस्तकाच्या आठव्या अध्यायात फिलिप्प रथाशेजारून धावतो, कूशी (इथिओपियाच्या) अधिकाऱ्याला मोठ्याने वाचताना ऐकतो आणि विचारतो, वाचता ते समजतं का? म्हणजे एक वाचणारा आणि एक शेजारी बसून समजावणारा, दोघंही लागतात. नहेम्याच्या आठव्या अध्यायातही एज्रा चौकात नियमशास्त्र वाचतो आणि लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, लोकांमध्ये फिरून अर्थ सांगतात. तिथे ऐकणाऱ्यांत बायका होत्या हे मुद्दाम लिहिलं आहे.

आणि लक्ष्मीबाई टिळकांना विसरलो. त्यांना शाळा माहीत नव्हती, लग्नानंतर नवऱ्याने, म्हणजे कवी ना. वा. टिळकांनी, शिकवलं, तेही तुटक तुटक. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांच्या 'ख्रिस्तायन' या ख्रिस्तचरित्रावरच्या काव्याचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे साठाहून जास्त लक्ष्मीबाईंनी रचले.

---

मधुमालती

मंडळी, सात आठवडे झाले. सगळ्यांना कळवायलाच हवं.

चष्मा केला, दोन नंबरचा. डॉक्टरांकडून परत येताना आई रिक्षातून दुकानांच्या पाट्यांकडे बघत होत्या. वाचता येत नव्हत्या, पण म्हणाल्या, "येवढ्या बारीक रेघा असत्यात व्हय."

जुनी पाटी ताईंनी सांगितलं तसंच केलं. दुपारी दोन ते दोन वीस, लेक शाळेत असताना. 'येशू' आठव्या दिवशी आला. त्यांनी तो शब्द पुठ्ठ्यावर तीन ठिकाणी शोधून काढला, मग बोट न काढता बराच वेळ बसून राहिल्या. मी चहा ठेवायचं निमित्त करून आत गेले.

सगळं सुरळीत नाही. ध आणि घ मध्ये अजून गोंधळ होतो, ऱ्हस्व-दीर्घ त्यांना पटत नाही, आणि मधे एक आठवडा "माझ्यानं नाय व्हायचं" म्हणून पुठ्ठे गादीखाली ठेवले होते. मग आपणच काढले. नवरा आता रात्री त्यांच्याजवळ बसतो. त्याला दुपारचं वर्गातलं काही विचारायची परवानगी नाही, फक्त ऐकायचं.

हा धागा मी त्यांना रोज वाचून दाखवत होते. मुक्ताचं ऐकून त्यांनी दोनदा विचारलं, "त्या पोरीचं पुढं काय झालं?" मला सांगता आलं नाही. कर्णफूल यांचा पेत्राबद्दलचा प्रतिसाद ऐकला तेव्हा मात्र त्यांनी मला थांबवलं. "पेत्र अडाणी व्हता? हे कुठं लिवलंय?"

मी म्हटलं, कृत्यांत, चौथ्या अध्यायात.

"साठ वर्सं देवळात बसले. हे मला कुनी वाचून दावलं नाय."

काल दुपारी त्यांनी ते पान काढायला सांगितलं. मोठ्या टायपातलं बायबल मांडीवर घेतलं. तेराव्या ओवीवर, म्हणजे तेराव्या वचनावर, बोट ठेवलं. 'पाहून' आलं. 'हे' आलं. मग 'नि' आलं, 'र' आलं आणि पुढच्या अक्षरावर बोट अडलं. जोडाक्षरं आम्ही अजून घेतलीच नव्हती, ताई. मी सांगणार होते, पण त्यांनी हातानेच गप्प केलं. क दिसतो का बघितलं, ष दिसतो का बघितलं, काहीच दिसेना. शेवटी म्हणाल्या, "सांग."

मी सांगितलं, हा क्ष.

त्यांनी पाटी मागितली. आज सकाळपासून क्ष गिरवतायत.